न दिसलेल्यांची मोजदाद

काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेच्या रात्री विदर्भातील एका अभयारण्यात पाणवठ्यावरील प्राणिगणनेला बसण्याची संधी आम्हांला मिळाली. आम्ही समुद्राकाठची माणसे. भरती-ओहोटीच्या वेळा आम्हांला तोंडपाठ. जंगलाचे मात्र पहिले अक्षरही ठाऊक नाही. एक छापील तक्ता, पेन्सिल, पाण्याच्या दोन बाटल्या आणि सोबतीला एक वयस्क वनरक्षक, एवढ्या सामग्रीनिशी आम्ही उन्हे कलताना मचाणावर चढलो. तक्त्यात मोजकेच रकाने होते : वेळ, प्राणी, नर-मादी-पिल्लू आणि एकूण.

रात्री नवाच्या सुमारास चितळांचा एक कळप पाण्यावर आला. चांदणे लख्ख होते. आम्ही श्वास रोखून मोजले, तेवीस भरले. तक्त्यात नोंद केली. मग बराच वेळ काही आले नाही. पहाटे तीनच्या पुढे पुन्हा चितळ आले. या वेळी एकोणीस. आम्ही तीही नोंद केली आणि खाली बेरीज मांडली : बेचाळीस. वनरक्षकाने टॉर्चच्या मंद उजेडात तक्ता पाहिला आणि विचारले, “साहेब, हे तेच आले का दुसरे?”

“भाऊ, तुम्हांला काय वाटते?” आम्ही प्रतिप्रश्न केला.

“मला वाटून काय होते? कागदावर तर तुम्हीच लिहिता न.”

आम्ही बेचाळीस तसेच ठेवले. खरे कारण सांगायला आज संकोच वाटतो. सकाळी सर्व मचाणांवरची मंडळी एकत्र जमणार होती आणि आपला तक्ता भरलेला दिसावा, अशी एक बालिश इच्छा मनात होती. चितळ काही दुर्मीळ नव्हेत. आमच्या त्या बेरजेने कोणाचे काही बिघडले नसावे. तथापि तो आकडा मनातून गेला नाही. पुढे वन्यप्राण्यांच्या गणनेविषयी जे काही वाचनात आले, ते सारे आम्ही त्या वनरक्षकाच्या प्रश्नाच्या प्रकाशात वाचत गेलो. तेच आले की दुसरे? आणि जे आलेच नाहीत, त्यांचे काय? हे प्रश्न प्रथमदर्शनी गणिताचे वाटतात. आम्हांला ते सदसद्विवेकाचेही वाटू लागले आहेत, आणि ज्या प्राण्याने आम्हांला असा विचार करायला लावले तो आमच्या जंगलातला नाही. तो दूर मणिपुरात राहतो.

मणिपूरच्या खोऱ्यात लोकटाक नावाचा विस्तीर्ण गोड्या पाण्याचा तलाव आहे. त्याच्या आग्नेय टोकाला केयबुल लामजाओ हे सुमारे चाळीस चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यान आहे. या उद्यानाचा बराचसा भाग जमीन नव्हेच. कुजलेल्या वनस्पती, मुळे, गाळ आणि माती यांचे जाड थर एकत्र विणले जाऊन पाण्यावर तरंगत राहतात. त्यांना तेथे फुमदी म्हणतात. फुमदीचा बहुतांश भाग पाण्याखाली असतो, थोडासा वर. आणि त्या वरच्या भागावर माणसाच्या डोक्याहून उंच गवत आणि बोरू माजतात. या तरंगत्या कुरणात संगाई नावाचे हरीण राहते. संगाई हा मणिपूरचा राज्यप्राणी. नराच्या शिंगाचा एक फाटा कपाळावरून पुढे येतो आणि मुख्य शिंग मागे वळते. दोन्ही मिळून एक अखंड कमान दिसते. पायाखालची भूमी हलती असल्यामुळे त्याची चाल नर्तकासारखी भासते, म्हणून त्याला नाचरे हरीणही म्हणतात. जगात अन्यत्र कोठेही हे हरीण मोकळ्या रानात उरलेले नाही. प्राणिसंग्रहालयांत आहे, पण त्याविषयी पुढे.

१९५१ मध्ये हे हरीण नामशेष झाल्याचे मानले गेले. दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, आसामातील चहामळेवाले आणि निसर्गाभ्यासक ई. पी. जी यांना केयबुल लामजाओच्या गवतात ते पुन्हा आढळले. येथे आम्ही थोडे थांबू इच्छितो. शून्य हा सर्वांत गंभीर आकडा होय. पाच की सात यांत चूक झाली तर ती दुरुस्त करता येते; एकदा शून्य लिहिले की राखण्यासारखे काही उरत नाही, पहारा उठतो, पैसा थांबतो आणि कोणी पाहायलाही जात नाही. १९५१ च्या त्या शून्याचा अर्थ वस्तुतः एवढाच होता की, कोणाला संगाई दिसला नाही. ‘आम्हांला दिसला नाही’ आणि ‘तो नाही’ या दोन वाक्यांमध्ये मोठे अंतर आहे. पुरुषभर उंचीच्या गवतात, पाय टेकवला तर खाली जाणाऱ्या भूमीवर, ज्याचे जगणे लपण्यावरच अवलंबून आहे असा प्राणी न दिसणे हा त्याच्या नसण्याचा पुरावा ठरत नाही. पण माणसाचा स्वभाव विचित्र आहे. आपल्या नजरेच्या मर्यादेला तो जगाची मर्यादा समजतो, आणि याबाबतीत अशिक्षितापेक्षा सुशिक्षिताचा अपराध अधिक, कारण त्याच्या हाती कागद असतो.

यानंतर १९७५ साल. एम. के. रणजितसिंह यांनी हेलिकॉप्टरमधून या कुरणाची पाहणी केली. आकडा आला : चौदा. चौदा! एका लहान शाळेच्या एका वर्गातही याहून अधिक मुले असतात. हा आकडाही वास्तविक पाहता दिसलेल्यांचाच होता. यंत्राच्या आवाजाने बिथरून जे उघड्यावर धावले ते दिसले असतील, जे गवतात दबून बसले त्यांच्यापैकी किती वरून दिसले असतील, कोण जाणे. परंतु १९५१ चे शून्य आणि १९७५ चे चौदा यांत आम्हांला मूलभूत फरक दिसतो. शून्याने विषय संपवला होता. चौदाने तो उघडला. १९७७ मध्ये केयबुल लामजाओला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पुढे राज्याच्या वनखात्याच्या गणनांत आकडा वाढत गेला : २०१३ मध्ये २०४, २०१६ मध्ये २६०. चौदावरून दोनशे साठ. कोणालाही आनंद व्हावा अशी ही वाढ आहे, आणि आम्हांलाही झाला.

आता हे हरीण मोजतात तरी कसे, ते पाहू. कारण प्रश्नाची खरी मेख तेथे आहे. वाघाच्या अंगावर पट्टे असतात आणि दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे झाडांना बांधले की कोणता वाघ पुन्हा आला आणि कोणता नवा, हे ओळखता येते. वनरक्षकाच्या प्रश्नाला वाघाच्या बाबतीत उत्तर आहे. प्रौढ संगाईच्या अंगावर अशी ओळखचिठ्ठी नाही. नराची शिंगे वेगवेगळ्या आकाराची असतात खरी. पण ती दरवर्षी गळतात आणि नवी येतात, म्हणजे ओळखही दरवर्षी गळते. माद्यांना तर शिंगेच नाहीत. त्यातच त्या कुरणात हॉग डियर नावाचे दुसरे, बुटके हरीणही राहते. पहाटेच्या धुक्यात गवतावर नुसती एक तपकिरी पाठ दिसली, तर ती कोणाची, हे सांगायला अनुभवी डोळा लागतो.

म्हणून तेथे क्षेत्राचे भाग पाडतात आणि पहाटे व सायंकाळी, एकाच वेळी, सर्व भागांवर निरीक्षक बसवतात, जेणेकरून एकच हरीण दोघांनी मोजू नये. उद्यानात पाबोत, तोया आणि चिंगजाओ या छोट्या टेकड्या आहेत. तेथून दूरवर नजर जाते. अन्यत्र मचाणे असतात, नावा असतात. दुसरी पद्धत लेंड्या मोजण्याची. ठरावीक चौकोनांत लेंड्यांचे किती ढीग आहेत, एक हरीण दिवसाला साधारण किती वेळा लेंड्या टाकते आणि त्या किती दिवसांत विरून जातात, यांवरून हरणांची संख्या काढतात. या तिन्हींपैकी एका अंदाजात थोडी चूक झाली तरी उत्तर दीडपट होऊ शकते. लेंड्यांतून जनुकांचा अंश मिळवून एकेक प्राणी वेगळा ओळखण्याची सोयही आता झाली आहे. ती खर्चिक आहे आणि दमट हवेत तो अंश लवकर नासतो.

तिसरी पद्धत आम्हांला विशेष चिंतनीय वाटली. तीत निरीक्षक आधी आखलेल्या सरळ रेषेवरून चालतो. हरीण दिसले की ते किती, एवढेच लिहून त्याची सुटका होत नाही. आपल्या रेषेपासून ते किती दूर होते, हेही त्याला मोजावे लागते. अशा शेकडो नोंदी जमल्या की एक गोष्ट नेहमी आढळते : रेषेजवळची हरणे बहुतेक सर्व दिसतात, दूर जावे तसतशी कमी दिसतात. हरणे काही निरीक्षकाची रेषा पाहून तिच्याजवळ गोळा होत नाहीत. म्हणजे दूरची हरणे कमी नव्हती, आपली नजर कमी पडली. नजर किती कमी पडली, हे त्या अंतरांवरून काढता येते, आणि त्यावरून न दिसलेल्यांची संख्याही मांडता येते. आमच्या मचाणावरच्या तक्त्यात हा रकाना नव्हता. आपल्या अपुऱ्या दृष्टीलाही हिशेबात धरणारे हे गणित वाचताना आम्हांला, खरे सांगायचे तर, थोडेसे भरून आले. शाळेत गणिताने आम्हांला अनेकदा रडवले होते, पण ते वेगळ्या कारणाने.

तथापि फुमदीवर सरळ रेषेत चालायचे कसे? कंबरेपर्यंत माणूस आत जातो. ज्या कुरणासाठी ही पद्धत सर्वांत अधिक हवी, तेथेच ती वापरणे सर्वांत अवघड. असो.

या प्रामाणिक पद्धतींचे उत्तर कधीही एका आकड्यात येत नाही. अभ्यासक म्हणतो, संख्या अमुक ते अमुक यांच्या दरम्यान असावी. समजा, तो म्हणाला की दोनशे ते तीनशे वीस. वृत्तपत्राला असा मथळा देता येत नाही. सभागृहात उत्तर द्यायचे असेल तर ‘दरम्यान’ हा शब्द दुबळा वाटतो. मग दरम्यानचा काटेरी भाग छाटून एक गुळगुळीत आकडा काढला जातो, आणि वर्षभराने तोच सत्य म्हणून सांगितला जातो. पुढील गणनेत तो थोडा वाढला तर पेढे वाटतात, थोडा घटला तर चौकशी लागते. वास्तविक दोन्ही आकडे एकाच मर्यादेतले असू शकतात. हरणांच्या जगात काहीच घडलेले नसू शकते.

येथून नैतिक प्रश्न सुरू होतो. ज्या अधिकाऱ्याची चौकशी घटीमुळे होणार आहे, तोच गणनेचा प्रमुख असेल तर त्याच्यावर केवढा ताण येत असेल! राजस्थानातील सरिस्का येथे हे देशाने पाहिले. २००४ च्या गणनेपर्यंत तेथे कागदावर पंधरांहून अधिक वाघ होते. २००५ च्या आरंभी उघड झाले की एकही उरलेला नाही. वाघ शिकाऱ्यांनी मारले होते. पण कागदावरच्या वाघांनी त्या शिकाऱ्यांना आडोसा दिला, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही. त्या काळी वाघ पावलांच्या ठशांवरून मोजत. काचेवर ठसा गिरवायचा आणि ओळखायचा. पद्धतीला दोष देण्यात आला, तो योग्यच होता, आणि नंतर देशभर नवी पद्धत आली. पण कोणतीही पद्धत लिहिणाऱ्याच्या हातातील पेन्सिलीला आवर घालू शकत नाही. आम्ही स्वतः तेवीसात एकोणीस मिळवले, तेव्हा आमच्यावर कोणाचा दबाव होता?

आणखी एक असत्य आहे, ज्याविषयी सहसा बोलले जात नाही. ते प्राण्यांच्या मित्रांचे असत्य होय. आकडा वाढला असे सांगितले तर लोक निश्चिंत होतील, निधी आटेल, पहारा सैल होईल. म्हणून तो कमीच सांगावा, भय जागे ठेवावे, असा मोह निसर्गप्रेमी मनाला होतो. हेतू शुद्ध आहे. आमचे काही मित्र याचे समर्थनही करतात. जो जीव स्वतःच्या बाजूने बोलू शकत नाही, त्याच्यासाठी थोडे खोटे बोलले तर काय बिघडले, असे ते विचारतात. आम्हांला हे समर्थन पटत नाही, आणि त्याचे कारण केवळ ‘खोटे बोलू नये’ हा नियम नव्हे. मुका प्राणी स्वतःची साक्ष देऊ शकत नाही. त्याच्या वतीने जगापुढे जाणारी साक्ष एकच, ती म्हणजे आपली नोंद. त्या नोंदीवरचा विश्वास एकदा उडाला की, खरोखरच तो संकटात असेल त्या दिवशी, त्याच्यासाठी कोणी काही लिहिले तरी ते वाचणारा म्हणेल, ‘हे लोक नेहमीच असे लिहितात.’ अधिकाऱ्याच्या वाढीव आकड्याने सरिस्कातील वाघ दगावले. मित्राच्या घटीव आकड्याने आज कोणी दगावत नाही, उद्या दगावते, एवढाच फरक.

आमची आजी कोंबडीची पिले मोजू देत नसे. “मोजू नये रे, मोजलं की कमी होतं,” असे म्हणून ती आमचे पुढे केलेले बोट खाली करी. खळ्यावर धान्य मापतानाही पहिल्या मापाला कोणी ‘एक’ म्हणत नसे. ‘लाभ’ म्हणत, मग दोन, तीन. लहानपणी आम्ही या साऱ्याला अंधश्रद्धा म्हणून हसलो. आज वाटते, त्यात एक मर्यादा होती. जे आपण निर्माण केले नाही त्यावर बोट रोखून ‘हे इतके, हे माझे’ असे म्हणताना त्या पिढीचा आवाज थोडा खाली येत असे. मोजणे आणि मालकी यांचे नाते जुने आहे. जमीन मोजली गेली ती सारा बसवण्यासाठी. माणसे मोजली गेली ती बहुधा कर आणि सैन्य यांसाठी. इंग्रज राजवटीत हरणे मोजली गेली ती प्रायः मेल्यानंतर. कोणाच्या भिंतीवर किती शिंगे, हीच ती गणना. संगाईचे इंग्रजी नावदेखील एल्ड नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यावरून पडले आहे. मणिपुरी लोकांनी त्याला आधीच एक सुंदर नाव दिले होते. त्याचा अर्थ ‘वाट पाहणारा प्राणी’ असा सांगतात, कारण पळताना थांबून तो मागे वळून पाहतो.

पण आजीच्या बोट खाली करण्यात आजचे उत्तर नाही. संध्याकाळी वाड्यात मेंढ्या घेताना धनगरही मोजतो. त्याची मोजणी मालकाची असते, तशीच ती राखणदाराचीही असते. एक कमी भरली की तो जेवायला बसत नाही. अंधारात काठी घेऊन निघतो. मोजल्यावर जो उठून बाहेर जातो त्याची मोजणी, आणि मोजल्यावर जो निश्चिंतपणे झोपतो त्याची मोजणी, यांत आकडा एकच असला तरी आम्ही फरक करू. मणिपुरात १९७५ नंतर काही माणसे उठून बाहेर गेली. म्हणूनच आज तेथे हरीण आहे.

उठून बाहेर जाण्याची किंमत मात्र कोण देतो? येथे आम्हांला मध्य भारतात परत यावे लागते, आणि रणजितसिंह यांचेच बोट धरून येता येते. मणिपूरच्या पाहणीपूर्वी ते मंडला येथे जिल्हाधिकारी होते. कान्हाचे जंगल त्याच भागात. १९५६ पर्यंत हा मुलूख ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर. म्हणजे कान्हा आपल्याला वाटते तितके परके नाही. तेथील बारशिंगा हाही गवताचा प्राणी. त्याचे इतर भाऊबंद दलदलीत राहतात. हा एकटा कठीण जमिनीवरच्या कुरणात राहतो. १९७० च्या गणनेत ते सहासष्ट भरले. क्लॉड मार्टिन या स्विस अभ्यासकाने १९७१ पासून दोन वर्षे तेथे राहून या हरणाचा अभ्यास केला. उंच गवत हेच त्याचे अन्न, आणि पाडसे लपवण्याचे घरही तेच. गवत जळते, चरले जाते, म्हणून बारशिंगा संपतो. गावे हलवली गेली, कुरणे पुन्हा वाढली, काही बारशिंगे कुंपणाआड सुरक्षित वाढवले गेले. अलीकडच्या गणनांत आकडा हजाराच्या घरात पोहोचला आहे आणि २०१५ पासून काही बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही नेऊन सोडले आहेत.

प्राणी वाचवण्याच्या इतिहासातील हे एक उजळ पान आहे, यात शंका नाही. पण त्या पानाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. जी गावे हलली त्यांत बैगा होते, गोंड होते. सहासष्टाचे हजार झाले, हे आम्ही सहज सांगू शकलो. हललेल्या घरांची संख्या, नव्या जागी त्यांच्या किती मुलांनी शाळा पाहिली, किती म्हाताऱ्यांनी जुन्या देवाच्या झाडाची आठवण काढीत डोळे मिटले, हे आम्हांला असे एका वाक्यात सांगता येत नाही. त्याची दरवर्षी, ठरलेल्या पहाटे, एकाच वेळी, सर्व टेकड्यांवरून मोजणी होत नाही. यावर कोणी म्हणेल, मग बारशिंगा मरू द्यायचा होता का? नाही. त्या काळी दुसरा मार्ग होता असे छातीठोकपणे सांगण्याइतके ज्ञान आमच्यापाशी नाही. परंतु ज्याच्या नावावर काही जमा होते, त्याच्या नावावर काही खर्चही पडतो. खर्चाचा रकाना कोरा ठेवून काढलेली शिल्लक कोणताही दुकानदार मान्य करणार नाही, मग ती आपण का मान्य करावी?

हीच गोष्ट मणिपुरात वेगळ्या रूपाने दिसते, आणि आमच्या मनाला ती अधिक बोचते. १९८३ मध्ये लोकटाक जलविद्युत प्रकल्पासाठी इथाई येथील बंधारा कार्यान्वित झाला. पूर्वी उन्हाळ्यात तलावाचे पाणी उतरे. तरंगत्या फुमदी खाली टेकत, त्यांची मुळे तळाच्या मातीतून अन्न घेत आणि पावसाळ्यात पुन्हा वर येत. पिढ्यान्‌पिढ्या जणू ते तरंगते रान वर्षातून एकदा जमिनीवर उतरून जेवून जात असे. बंधाऱ्याने पाण्याची पातळी वर्षभर उंच ठेवली. फुमदी उतरेनाशा झाल्या. मुळांना माती मिळेना. थर पातळ होत गेले. पातळ थर हरणाचे वजन पेलत नाही. खुर आत जातो. म्हणजे ज्या वर्षांत संगाईचा आकडा चौदावरून दोनशे साठाकडे चढत होता, त्याच वर्षांत त्याच्या पायाखालची भूमी विरत होती.

वाचकांनी या विसंगतीकडे क्षणभर पाहावे. दोनशे साठ हा आकडा खोटा आहे, असे आमचे म्हणणे नाही. तो निष्ठेने मोजला असेल. तरीही त्या आकड्यावर समाधान मानून बसणे म्हणजे गलबतावरील उतारूंची शिरगणती चोख ठेवून तळाच्या फळ्या न पाहणे होय. आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांना ही गोष्ट अधिक समजवावी लागू नये. संगाईवर खरी नजर ठेवायची तर दर मोसमात फुमदीची जाडी मोजली पाहिजे, पाण्याची पातळी पाहिली पाहिजे, गवताची प्रजा कोणती वाढते आणि कोणती हटते ते नोंदले पाहिजे. अभ्यासक हे करीतही आले आहेत. पण जाडीच्या आकड्याला तोंड नाही, डोळे नाहीत. तो फलकावर शोभत नाही. हरीण शोभते.

आणि त्या बंधाऱ्याने आम्हांलाही प्रश्न विचारला आहे. वीज कोणाला नको आहे? हा लेख आम्ही दिव्याखालीच बसून लिहीत आहोत. लोकटाकच्या उघड्या पाण्यात, उद्यानाबाहेर, फुमदींवर झोपड्या बांधून मासे धरणारी कुटुंबे राहत असत. तलाव वाचवायचा म्हणून २०११ मध्ये त्यांतल्या शेकडो झोपड्या हटवल्या, जाळल्या गेल्या. तलाव बिघडवण्यात त्या कोळ्यांचा वाटा किती आणि बंधाऱ्याचा किती, हे मोजायला कोणी रेषा आखून चालले होते का? मोजणीची हत्यारे सामान्यतः दुबळ्याकडे रोखली जातात, कारण तो पटकन मोजून होतो. आमचे हे विधान कटू वाटल्यास वाटो.

प्राणिसंग्रहालयांतील संगाईंविषयी बोलायचे राहिले होते. कोलकाता, दिल्ली अशा ठिकाणी हे हरीण पिंजऱ्यात वाढते. तेथे गणनेची काही अडचण नाही. किती नर, किती माद्या, कोणाचे पिल्लू कोणते, कधी जन्मले, कधी मेले, सारे वहीत आहे. ‘दरम्यान’ हा शब्द तेथे लागत नाही. रानातील संगाईची संख्या मात्र नेहमी थोडी धूसरच राहील. तो गवतात शिरू शकतो, तोवर राहील. कधी कधी वाटते, या धूसरपणाची आपण तक्रार करतो ती चुकते. ज्या दिवशी केयबुल लामजाओतील शेवटचे हरीणही बिनचूक मोजता येईल, त्या दिवशी तेथे गवत उरलेले नसेल.

त्या रात्रीच्या आमच्या तक्त्याकडे पुन्हा येतो. सकाळी खाली उतरल्यावर आम्ही तो जमा केला. मेजामागच्या तरुणाने भराभर आकडे एका मोठ्या कागदावर उतरवून घेतले. आमचे बेचाळीस त्यात कोठेतरी मिसळून गेले. वनरक्षक बाजूला चहा पीत उभा होता. आम्ही त्याला विचारले, “भाऊ, तुमचे मत काय? तेच होते का?” तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “एक मादी लंगडत होती, मागच्या डाव्या पायाने. नवाला पण होती, तीनला पण होती.” तो ती पाहत होता, आम्ही मोजत होतो. “मग तेव्हाच का नाही सांगितले?” असे आम्ही विचारले, आणि विचारताना लक्षात आले की, त्याने विचारले होते. तक्ता पेन्सिलीने भरलेला होता, आणि उजाडायला तेव्हा दोन तास बाकी होते.